मापाची मुभा : मावळातील सूक्ष्म यंत्रभागांची निर्मिती आणि मापनाचा प्रश्न

यंत्राच्या एखाद्या भागाचे माप आरेखनात ५० मिलिमीटर असे लिहिलेले असले, तरी नेमक्या ५० मिलिमीटरचा भाग आजवर कोणी घडविलेला नाही व पुढेही कोणी घडवू शकणार नाही. घडविणाऱ्याला मिळते ती एक मुभा. आंतरराष्ट्रीय पद्धतीतील सहाव्या प्रतीचा दंड असेल, तर ५० मिलिमीटर व्यासास ही मुभा १६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे सोळा सहस्रांश इतकी असते. वहीच्या साध्या कागदाची जाडी सुमारे १०० मायक्रॉन धरली, तर त्या जाडीच्या सहाव्या हिश्श्यात कारागिराला आपले सगळे कौशल्य, यंत्राची सगळी झीज आणि हवेतील सगळी उष्णता सामावून घ्यावी लागते. कारखान्यात या मुभेला टॉलरन्स म्हणतात. सूक्ष्म यंत्रभागांच्या निर्मितीची चर्चा बहुधा नव्या हत्यारांपासून सुरू होते आणि तेथेच संपते. मुभेचा विचार मुळाशी धरला, तर मात्र प्रश्नाचे स्वरूप बदलते. धातू कापण्याची शक्ती आज दुर्मिळ राहिलेली नाही. दुर्मिळ आहे ते कापलेल्या धातूचे माप खात्रीने सांगण्याचे सामर्थ्य. मावळ तालुक्यातील उद्योगाच्या संदर्भात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

तळेगाव दाभाडे, वडगाव, कामशेत, लोणावळा आणि खंडाळा ही लोहमार्गावरील ओळीने येणारी गावे. यांपैकी तळेगावच्या परिसरात, आंबी, नवलाख उंबरे, मंगरूळ, बधलवाडी या गावांच्या शिवारांत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र उभे राहिले. आज तेथे मोटारी, माती उपसण्याची यंत्रे, बेअरिंगे आणि संरक्षणसामग्री तयार करणारे मोठे कारखाने आहेत. त्यांच्याभोवती आणि पिंपरी-चिंचवडपर्यंत पसरलेली लहान कर्मशाळांची वस्ती आहे. दहा-वीस माणसांच्या या कर्मशाळा बुशी, पिना, दंड, झडपांचे भाग असे जिन्नस पुरवितात. नवे तंत्र येते तेव्हा मोठा कारखाना ते विकत घेतो. लहान कर्मशाळेला मात्र ते विकत घ्यावयाचे की धंदा सोडावयाचा, असा निवाडा करावा लागतो.

या भागाला यंत्रविद्येचा पूर्वेतिहास नाही असे नाही. १९०८ साली पैसा फंडाच्या वतीने तळेगावी काचेचा कारखाना निघाला. काचकामाचे शिक्षण घेतलेले कारागीर देशाला मिळावेत हाही त्यामागील एक हेतू होता. सूक्ष्म यंत्रकामाशी काचेचा संबंध दूरचा वाटेल. पण काचेला आकार देण्याइतकेच तिला योग्य वेगाने थंड करणे कठीण असते, हा त्या धंद्यातील पहिला पाठ आहे. तापमान हे घडणीचेच एक अंग आहे, हे त्यात आले. पुढे १९१५ साली टाटांची जलविद्युत योजना सुरू झाली. लोणावळा आणि वळवण येथील तलावांचे पाणी खंडाळ्याच्या कड्यावरून नळांवाटे खाली खोपोलीच्या वीजगृहात सोडण्यात आले. ही उंची ५०० मीटरच्या आसपास आहे. इतक्या उंचीवरून आलेल्या पाण्याचा झोत तोटीतून सुटतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे १०० मीटर भरतो. पेल्टन चक्राच्या तोटीत एक सुई असते. ती पुढेमागे सरकवून झोत लहानमोठा करतात. या सुईच्या टोकाचा घाट आणि ती ज्या बैठकीवर टेकते त्या बैठकीचा घाट वाळूच्या कणांनी किंचित जरी झिजला, तरी झोत विस्कटतो आणि चक्राची कार्यक्षमता उतरते. १९४५ च्या १५ फेब्रुवारीला लोणावळ्यास नौदलाची ‘शिवाजी’ ही संस्था स्थापन झाली. जहाजावरील यंत्रांची निगा राखणारे अभियंते आणि तंत्रज्ञ तेथे आजही शिकतात. जहाज बंदर सोडून गेल्यावर बिघडलेला भाग हाताने जुळवून घेण्याची वेळ येऊ शकते, म्हणून शेगडा, कानस आणि मापाचे गेज यांच्याशी ओळख हा अशा शिक्षणाचा पाया होय.

हत्यारांच्या बाजूने पाहिले, तर गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत झालेला बदल मोठा आहे, आणि त्यातील बराचसा आता नवा म्हणण्याजोगाही राहिलेला नाही. टंगस्टन कार्बाइडच्या टिकल्यांनी वेगी पोलादाच्या हत्यारांना मागे टाकले. पुण्याजवळ दापोडीला सँडविक या स्वीडिश कंपनीचा भारतीय उद्योग १९६० पासून चालू आहे आणि कार्बाइडची ओळख या भागातील कर्मशाळांना त्या काळापासूनची आहे. १९६९ च्या सुमारास टिकलीवर काही मायक्रॉन जाडीचा टायटॅनियम कार्बाइडचा लेप चढविण्याचे तंत्र बाजारात आले. टिकलीचे आयुष्य त्याने कितीतरी वाढले. क्यूबिक बोरॉन नायट्राइड हे हिऱ्याच्या खालोखाल कठीण असलेले द्रव्य अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट वेन्टॉर्फ यांनी १९५७ साली तयार केले. त्याचा उपयोग वेगळ्याच ठिकाणी झाला. पूर्वी पोलादाचा दंड मऊ असताना लेथवर कातावयाचा, मग त्याला पाणी देऊन कठीण करावयाचे आणि शेवटी ग्राइंडिंग यंत्रावर दगडाने मापास आणावयाचे, असा क्रम होता. बोरॉन नायट्राइडच्या हत्याराने कठीण केलेले पोलाद लेथवरच कातता येते. काही भागांच्या बाबतीत ग्राइंडिंगची पायरी गाळता येऊ लागली आणि एका यंत्राचा खर्च वाचला.

काही कल्पना हत्यारापेक्षा यंत्राची वाट पाहत राहिल्या. अंतर्वर्ती दाते कापण्याची स्कायव्हिंग ही पद्धत याचे उत्तम उदाहरण आहे. यूलियुस फोन पिटलर यांनी जर्मनीत १९१० साली तिचे पेटंट घेतले. हत्यार आणि चाक तिरक्या अक्षांवर एकाच ठरावीक प्रमाणात फिरत राहिले पाहिजेत, ही तिची अट होती. त्या काळच्या दातेरी चाकांच्या साखळीतून हे प्रमाण पुरेशा नेमकेपणाने व ताठरपणे राखता येईना. दोन्ही फिरत्या दंडांची गती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जुळविणारी यंत्रे आली तेव्हा, म्हणजे जवळजवळ शतकानंतर, ही पद्धत कारखान्यात रुजली. नवे तंत्र म्हणून जे विकले जाते, त्याचे वय कित्येकदा असे निघते.

संख्यानियंत्रित यंत्राचे पहिले प्रात्यक्षिक मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९५२ साली झाले. आज सी. एन. सी. लेथ मावळातील किंवा भोसरीतील लहान कर्मशाळेतही आढळतो. आज्ञा एका मायक्रॉनच्या पायरीने देता येते. या ‘एका मायक्रॉना’ने बरीच दिशाभूल केलेली आहे. यंत्राला एक मायक्रॉन सरकण्याची आज्ञा देता येते, याचा अर्थ भागाचे माप एका मायक्रॉनपर्यंत खरे उतरते असा होत नाही. आज्ञा आणि माप यांच्या मध्ये उष्णता उभी असते.

पोलादाचा एक मीटर लांबीचा दंड एका सेल्सिअस अंशाने तापला, तर सुमारे ११.५ मायक्रॉनने वाढतो. ॲल्युमिनियम याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे २३ मायक्रॉनने वाढते. म्हणून लांबीचे कोणतेही औद्योगिक माप २० अंश तापमानाचे समजावे, असा संकेत १९३१ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरला आणि तो आजही चालू आहे. आरेखनावर तो बहुधा लिहिलेला नसतो. तो गृहीत असतो. तळेगावला एप्रिलमधील दुपारी पारा ३८ अंशांच्या घरात असतो आणि जानेवारीतील पहाटे तो बराच खाली उतरलेला असतो. २० अंशांवर राहणारी हवा मावळात निसर्गतः फार थोडे तास मिळते.

यावर कर्मशाळेत एक ठरीव उत्तर मिळते. दंड पोलादाचा, मायक्रोमीटरही पोलादाचा. दोन्ही सारखेच तापले तर दोन्ही सारखेच वाढतील आणि चूक आपोआप फिटेल, असे ते उत्तर. ते अर्धे खरे आहे. दंड आणि गेज यांचे तापमान खरोखर एक असेल तरच चूक फिटते. नुकताच कातलेला दंड यंत्रातून बाहेर येतो तेव्हा तो भोवतालच्या हवेपेक्षा आठ-दहा अंशांनी गरम असू शकतो. ५० मिलिमीटर व्यासावर दहा अंशांचा फरक म्हणजे जवळजवळ ६ मायक्रॉन, म्हणजे १६ मायक्रॉनच्या मुभेतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. उलट बाजूने, मायक्रोमीटर बराच वेळ तळहातात धरला की तो तापतो आणि माप लहान दाखवितो. जुने टर्नर मायक्रोमीटर फडक्यात धरीत, ती सवय निव्वळ टापटिपीची नव्हती. आणि भाग ॲल्युमिनियमचा असेल, तर सारखे तापूनही सुटका होत नाही. ५० मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या छिद्राचे माप ३२ अंशांवर पोलादी गेजने घेतले, तर छिद्र सुमारे १४ मायक्रॉनने आणि गेज सुमारे ७ मायक्रॉनने वाढलेले असते. उरलेले ७ मायक्रॉन ही शुद्ध फसवणूक होय. विजेवर चालणाऱ्या वाहनांमुळे ॲल्युमिनियमच्या पेट्या वाढत चालल्या असताना हे गणित अधिकच बोचणारे झाले आहे.

पावसाळ्यात प्रश्न वेगळा होतो. लोणावळ्याला वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून पूर्वेस तीसएक किलोमीटरवर असलेल्या तळेगावापर्यंत येता येता तो झपाट्याने उतरतो. एकाच तालुक्यातील दोन कर्मशाळांची हवा इतकी भिन्न असावी, हे सूक्ष्ममापनाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. जुलैत हवेचे तापमान २४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ९५ टक्के असेल, तर दवबिंदू २३ अंशांच्या किंचित वर येतो. अशा वेळी वातानुकूलित मापनकक्षात २० अंशांवर ठेवलेला पोलादी गेज बाहेर कर्मशाळेत आणला, की त्याच्या पृष्ठावर ताबडतोब दव धरते. बोटाच्या घामातील क्षार आणि हे दव एकत्र आले की एका रात्रीत गंज उमटतो. गेज ब्लॉकची पृष्ठे इतकी सपाट असतात की दोन ब्लॉक एकमेकांवर सरकविले तर ते चिकटून राहतात आणि त्यांतून हवी ती लांबी रचता येते. ही कल्पना स्वीडनमधील एस्किल्स्टुना येथील कार्ल एडवर्ड योहान्सन यांची. बंदुकांच्या कारखान्यात काम करणाऱ्या या गृहस्थाने १८९६ साली तिचा विचार केला आणि आरंभीचे ब्लॉक घासण्यासाठी पत्नीच्या शिवणयंत्राचे यंत्र बनविले. त्यांच्या १०२ ब्लॉकांच्या संचातून सुमारे २०,००० मापे रचता येत. गंजाचा एक बारीक ठिपका अशा पृष्ठावर आला की चिकटण्याचा गुण गेला आणि त्या ब्लॉकचे माप संशयास्पद झाले. घाटमाथ्यावरील कर्मशाळेने पोलादाऐवजी सिरॅमिकचे ब्लॉक घेणे शहाणपणाचे ठरते. ते महाग असतात, परंतु गंजत नाहीत. मात्र त्यांचे प्रसरण पोलादापेक्षा थोडे कमी असते, हे विसरून चालत नाही.

बाहेरच्या हवेइतकीच उष्णता यंत्र स्वतः निर्माण करते. संख्यानियंत्रित यंत्रातील सरकपाट एका लांब स्क्रूने पुढेमागे होतो. ५०० मिलिमीटर लांबीचा हा स्क्रू तासाभराच्या कामाने पाच अंशांनी तापला, तर तो जवळजवळ २९ मायक्रॉनने वाढतो. नियंत्रकाला याची कल्पना नसते. तो स्क्रूचे फेरे मोजतो आणि पाट ठरल्या जागी पोहोचला असे मानतो. सकाळी पहिल्या पाळीत पास होणारे भाग अकराच्या सुमारास हळूहळू मोठे किंवा लहान होऊ लागतात आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा पहिल्या मापाला येतात, हा अनुभव अनेक कर्मशाळांना आहे. त्याचे खापर बहुधा टिकलीच्या झिजेवर फोडले जाते. झीज आणि प्रसरण यांच्यात ओळखण्याजोगा फरक असतो. झीज एकाच दिशेने जाते व सुट्टीत भरून येत नाही. प्रसरण उतरते. दर दहाव्या भागाचे माप वेळेसह कागदावर टिपले, तर कोणताही संगणक न वापरता हा निवाडा होतो. महाग यंत्रांत स्क्रूच्या भरवशावर न राहता पाटालाच काचेची मोजपट्टी जोडलेली असते, आणि दंडाच्या डोक्यात तापमापक बसवून प्रसरणाची दुरुस्ती गणिताने केली जाते. या गणिताची प्रत्येक यंत्रागणिक आणि प्रत्येक ऋतूगणिक पारख करावी लागते. विक्रेत्याच्या पत्रकात हा भाग सहसा आढळत नाही.

तापलेल्या यंत्राचे माप पुढे आणखी चुकू नये म्हणून खरा पालट घडला तो मापन यंत्राच्या आत आल्यामुळे. ग्राइंडिंगमध्ये ही कल्पना जुनी आहे. फिरत्या दंडाला दोन बारीक बोटे सतत स्पर्श करीत राहतात आणि माप भरले की दगड मागे घेण्याची आज्ञा तीच देतात. इटलीत बोलोन्या येथे मारिओ पोसाती यांनी १९५२ साली स्थापिलेली मार्पोस ही कंपनी याच कामावर वाढली. स्पर्शाने संकेत देणारा प्रोब १९७२ साली निघाला. कॉन्कॉर्ड विमानाच्या ऑलिम्पस इंजिनाच्या बारीक नळ्या मोजण्याची अडचण रोल्स-रॉइसमध्ये आली असता डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी तो योजला. माणकाचा एक लहानसा गोळा भागाला टेकला, की त्या क्षणीचे स्थान नोंदले जाते. आज असा प्रोब हत्यारांच्याच रांगेत उभा असतो. कातकाम थांबते, प्रोब पुढे येतो, छिद्र मोजतो आणि पुढच्या फेरीतील कापाची खोली स्वतः सुधारतो. भाग उतरवून मापनकक्षात न्यावयाचा, पुन्हा चढवावयाचा आणि चढविताना त्याचे केंद्र हरवावयाचे, हा सगळा घोळ टळतो.

मात्र यात एक गोम आहे. यंत्रातला प्रोब यंत्राच्याच मोजपट्टीवर अवलंबून असतो. स्क्रू तापून वाढला असेल, तर ज्या चुकीने भाग कातला गेला त्याच चुकीने तो मोजलाही जातो आणि नोंद निर्दोष येते. कुंपणच शेत खाते तसा हा प्रकार आहे. म्हणून प्रोबने अधूनमधून यंत्रावरच बसविलेला एखादा ठाऊक मापाचा कठीण गोळा किंवा कडे मोजले पाहिजे. त्या कड्याचे माप स्वतंत्र मापनकक्षातून प्रमाणित झालेले असले पाहिजे. त्या मापनकक्षाच्या गेजचे नाते पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत आणि तेथून मीटरच्या व्याख्येपर्यंत पोहोचले पाहिजे. १९८३ पासून ही व्याख्या प्रकाशाच्या वेगावर, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर या आकड्यावर आधारलेली आहे. साखळीतील एखादी कडी तुटली, तर उरते ते केवळ आत्मविश्वासाचे माप.

लहान कर्मशाळेचे नुकसान नेमके कोठे होते, हे येथे स्पष्ट होते. प्रत्येक मापाला काही अनिश्चितता असते. १९९८ पासून प्रचलित असलेल्या आय. एस. ओ. १४२५३ या मानकाप्रमाणे भाग मुभेत आहे असे पुरवठादाराला म्हणावयाचे असेल, तर त्याने आपल्या मापनाची अनिश्चितता मुभेच्या दोन्ही टोकांकडून वजा केली पाहिजे. मुभा १६ मायक्रॉन आणि अनिश्चितता ३ मायक्रॉन असेल, तर कातण्यासाठी उरतात १० मायक्रॉन. चांगला मापनकक्ष असलेल्या कारखान्याची अनिश्चितता १ मायक्रॉन असेल, तर त्याला १४ मायक्रॉन मिळतात. दोघांची यंत्रे एकाच बनावटीची, टिकल्या एकाच पेटीतल्या, कारागीर एकाच गावचे. तरीही एकाच्या हाती चार मायक्रॉन अधिक असतात आणि त्यामुळे त्याचे भाग कमी फेटाळले जातात. उलटपक्षी, भाग मुभेबाहेर आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी घेणाऱ्याने पत्करावी व त्यानेही आपली अनिश्चितता सोसावी, असे तेच मानक सांगते. हे कलम पुरवठादाराच्या हिताचे आहे. पण ज्याच्याजवळ स्वतःच्या अनिश्चिततेचा हिशेब लिहिलेला नाही, त्याला ते वापरताच येत नाही. फेटाळलेल्या भागांची पेटी परत आली की तो ती मुकाट्याने उतरवून घेतो.

काही मायक्रॉनांचे इतके अवडंबर कशासाठी, अशी शंका येणे शक्य आहे. तळेगावात बेअरिंगे बनविणारा मोठा कारखाना आहे. आय. एन. ए. या नावाने तो ओळखला जाई, आणि २०१८ पासून तो शेफलर इंडियाचा भाग आहे. नीडल रोलर बेअरिंग, म्हणजे सुईसारख्या बारीक व लांबट रोलरांचे बेअरिंग, ही या घराण्याची मूळ ओळख. रोलरांना पिंजऱ्यात समांतर धरून ठेवण्याची रचना गेओर्ग शेफलर यांनी १९४९ साली जर्मनीत सिद्ध केली. असे रोलर सर्वसाधारणपणे पोलादी तारेपासून तोडतात, कठीण करतात, केंद्रावाचून चालणाऱ्या ग्राइंडिंग यंत्रातून काढतात आणि शेवटी व्यासाप्रमाणे दोन-दोन मायक्रॉनच्या गटांत विभागतात. एका पिंजऱ्यात एकाच गटातले रोलर घालावयाचे, हा नियम. त्याचे कारण असे. एखादा रोलर शेजाऱ्यांहून जाड असेल, तर भार प्रथम त्याच्यावर येतो. रोलर बेअरिंगचे आयुष्य भाराच्या दहा-तृतीयांश घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे भार २० टक्क्यांनी वाढला, तर आयुष्य ५५ टक्क्यांच्या आसपास उरते. दोन मायक्रॉनांची ही किंमत वाहन विकत घेणाऱ्याला कधी दिसत नाही. त्याला गिअरपेटीतून आवाज येतो, एवढेच कळते.

तालुक्यातील मोटार-उद्योगाची अलीकडील वाटचाल या प्रश्नाला धार आणणारी आहे. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि २०२० च्या डिसेंबरात तेथील उत्पादन थांबले. ह्युंदाईने तो विकत घेण्याचा करार २०२३ च्या ऑगस्टमध्ये केला आणि २०२५ मध्ये तेथून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या. मधल्या पाच वर्षांचा काळ कामगारांना जसा कठीण गेला, तसाच त्या एका ग्राहकावर विसंबलेल्या पुरवठादारांनाही जावयाचाच. नवा ग्राहक आला तरी जुनीच आरेखने येत नाहीत. त्यातच इंजिनाचे भाग हे मुळातच ओसरणारे काम आहे. डिझेल इंजिनाच्या इंधनतोटीतील सुई आणि तिची नळी यांच्यातील फट अवघी दोन-तीन मायक्रॉनची असते. मोटारीतील सर्वांत सूक्ष्म कामांपैकी हे एक. विजेच्या मोटारीत ते नाही. पिस्टनपिन नाही, झडपांची मार्गिका नाही. त्यांच्या जागी येतात मिनिटाला पंधरा हजारांहून अधिक फेरे घेणारे दंड आणि त्यांची गती उतरविणारी दातेरी चाके. इंजिनाच्या गडगडाटात चाकांची शीळ पूर्वी लपून जाई. इंजिनच नसल्याने आता दात्याच्या पृष्ठावरील मायक्रॉनच्या अंशाइतकी लाटही कानाला ऐकू येते. अर्थात इंजिनाचे काम गेल्याने अचूकतेची गरज कमी होईल, असे समजणे चुकीचे ठरेल. ती एका आकारावरून दुसऱ्या आकारावर सरकत आहे. व्यास मोजणाऱ्या कर्मशाळेला आता पृष्ठाचा घाट मोजावा लागेल, आणि त्याला मायक्रोमीटर पुरत नाही.

धातूच्या भुकटीवर लेसर फिरवून थरावर थर रचण्याच्या तंत्राचा येथे उल्लेख अपेक्षित असेल. इंधनाच्या वळणदार वाहिन्या, साच्यांतील थंड पाण्याचे मार्ग अशा कामांत त्याला तोड नाही. पण त्या भागाची बसणारी, टेकणारी, फिरणारी पृष्ठे शेवटी कातून किंवा घासूनच मापास आणावी लागतात. मुभेचा प्रश्न त्याने सुटत नाही, पुढच्या पायरीवर ढकलला जातो.

कारागिराचे काय, हा प्रश्न उरतोच. प्रोब आणि स्वयंचलित दुरुस्ती आल्यावर टर्नरची जागा बटन दाबणाऱ्याने घ्यावी, असा एक मतप्रवाह कारखान्यांत आहे. नोंद निर्दोष असूनही भाग चुकलेला असू शकतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती असे यंत्र देणे धोक्याचे आहे. ‘हा आज गरम चाललाय’ असे यंत्राच्या आवाजावरून सांगणाऱ्या जुन्या माणसाचे ज्ञान अंदाजी असले तरी निराधार नसते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या शिक्षणक्रमात सी. एन. सी. ची आज्ञावली आली हे योग्यच झाले. मापनाची अनिश्चितता काढण्याचा साधा हिशेब, जो आठवी-नववीच्या गणितात बसतो, तो मात्र तितक्या ठळकपणे आलेला नाही.

प्रत्येक कर्मशाळेने वातानुकूलित मापनकक्ष आणि त्रिमिती मापनयंत्र घ्यावे, ही सूचना खर्चाच्या दृष्टीने निरर्थक आहे. सामाईक सोयीचा मार्ग राज्याला अपरिचित नाही. छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूम लहान उद्योगांना हत्यारे, साचे आणि प्रशिक्षण पुरविते. पुणे परिसरात प्रमाणपत्र देणाऱ्या मान्यताप्राप्त मापनशाळाही आहेत. अडचण अंतराची आहे, आणि ती केवळ किलोमीटरांची नाही. दहा किलो वजनाचा बिडाचा ओतीव भाग ३२ अंशांच्या कर्मशाळेतून २० अंशांच्या कक्षात आणून स्थिर हवेत ठेवला, तर कक्षाच्या तापमानापासून अर्ध्या अंशाच्या आत येण्यास त्याला पाच-सहा तास लागतात. जाड धातूच्या थंड पाटावर ठेवला किंवा पंख्याची हवा सोडली, तर वेळ कमी होतो. कामशेतहून पुण्यास भाग पाठवावयाचा, तो थंड होईपर्यंत थांबावयाचे, मापून परत आणावयाचा, यात पूर्ण दिवस जातो. तेवढ्या वेळात यंत्रावर पुढचे दोनशे भाग कातून झालेले असतात. सामाईक कक्ष उपयोगी पडावयाचा असेल, तर तो वडगाव किंवा तळेगाव येथेच, यंत्रांपासून अर्ध्या तासाच्या आत असावा लागेल. आणि त्याच्या दाराशी, मापनयंत्राच्या खोलीआधी, भाग थंड होऊ देण्यासाठी मांडण्यांची एक वेगळी खोली लागेल. पावसाळ्यात त्या खोलीतील हवा आधी कोरडी करून मगच थंड करावी लागेल.

विद्यापीठीय विभागांना येथे करण्याजोगे काम आहे आणि त्याला मोठे अनुदान लागत नाही. तळेगाव, कामशेत आणि लोणावळा अशा तीन ठिकाणच्या चालू कर्मशाळांतील एकेका लेथवर वर्षभर हवेचे, दंडाच्या डोक्याचे आणि स्क्रूचे तापमान नोंदवावे, आणि त्याच वेळी ठरावीक व्यासाचा एक नमुना दर तासाला कातून मोजावा. घाटाच्या पायऱ्यांवर आर्द्रता व तापमान कसे बदलते याच्या नोंदी हवामानखात्याजवळ आहेत. त्यांचा मायक्रॉनशी संबंध जोडणारी वर्षभराची नोंद मात्र हाती असावयास हवी. एप्रिल, जुलै आणि जानेवारी या तीन महिन्यांची वक्ररेषा जरी मिळाली, तरी कोणत्या कर्मशाळेने वातानुकूलनावर खर्च करावा आणि कोणाचे काम सकाळी अर्धा तास यंत्र रिकामे फिरवून भागेल, हे सांगता येईल.